हत्ती कोणाचा यावर भांडण, मोजणी मात्र एकत्र व्हावी

सप्टेंबर २०२५ मध्ये ओंकार हत्ती सिंधुदुर्गातून गोव्यात पेडण्याच्या बाजूला उतरला तेव्हाची बोलणी आठवतायत का? गोव्यातले म्हणे महाराष्ट्राने आपला हत्ती घेऊन जावा, आमच्या दोडामार्गातले म्हणे गेला एकदाचा, आणि मुळात हे हत्ती २००२च्या आसपास दांडेलीकडून आलेले, म्हणून दोघांचंही बोट कर्नाटकाकडे. मी हे सगळं बोत्सवानात, कसानेत बसून वाचत होतो आणि इथे हत्ती रोजचाच, संध्याकाळी रस्त्यावर आला की गाड्या गप उभ्या राहतात, नंतर तो चोबे नदी पोहून नामिबियात जातो.

बोत्सवाना, नामिबिया, झांबिया, झिंबाब्वे आणि अंगोला, या पाच देशांनी २०११ला करार करून काझा नावाचं एकत्र संवर्धन क्षेत्र केलंय, साधारण ५ लाख २० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राच्या दीडपटीहून मोठं. २०२२ला त्यांनी एकाच हंगामात, एकाच पद्धतीने विमानातून हत्ती मोजले, आकडा आला जवळपास २ लाख २८ हजार. वेगवेगळं मोजलं असतं तर तोच कळप दोन देशांच्या वहीत चढला असता आणि मग बसा भांडत.

आता इथे सगळं गोडीगुलाबीचं आहे असं अजिबात नाही हां. शिकारीवरची बंदी बोत्सवानाने २०१९ला उठवली त्यावरून अजून वाद आहेत, सीमेवर गुरांच्या रोगासाठी घातलेली कुंपणं हत्तींच्या वाटेत येतात, आणि शेतकरी तर आपल्यासारखाच वैतागलेला. फक्त आपल्याकडे सुतळी बॉम्ब, इथे मिरचीपूड हत्तीच्या शेणात कालवून विटा करतात, वाळवतात आणि रात्री शेताच्या कडेला धुमसत ठेवतात, नाकात गेलं की हत्ती मागे फिरतो, आणि खरं सांगायचं तर माणूसही.

मामा म्हणतो तुमच्या अख्ख्या देशात पुण्याएवढेही लोक नाहीत, आमच्याकडे माडाबागायतीला लागून घर. बरोबरच आहे त्याचं. २०२५च्या एप्रिलात दोडामार्गातल्या मोर्लेत हत्तीने शेतकऱ्याचा जीव घेतला, तिथल्या लोकांना मी इथून सहजीवनाचं लेक्चर देणार नाही.

पण महाराष्ट्रातलं तिलारी, कर्नाटकातलं भीमगड, गोव्यातलं म्हादई हे एकच जंगल आहे आणि कागदावर तीन राज्यांचं. म्हादईत २०२०ला चार वाघ विष घालून मारले गेले, २०२३ला हायकोर्टाने व्याघ्र प्रकल्प करा म्हटलं तर गोवा सरकार सुप्रीम कोर्टात. शेजारी कर्नाटकात काळी व्याघ्र प्रकल्प आहेच, वाघ तिथून गोव्यात येणारच की! मला मोठा करार वगैरे नकोय, तिन्ही वनखात्यांनी एकाच आठवड्यात मोजणी करावी, भरपाईचा दर सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखा ठेवावा आणि हत्ती घाट उतरला की पलीकडच्या गार्डला तेव्हाच फोन जावा. २०१५ला सिंधुदुर्गातल्या माणगाव खोऱ्यात हत्ती पकडायचे होते तेव्हा कर्नाटकातले माहूत आणि शिकवलेले हत्ती आलेच होते ना, तेव्हा कुठली सीमा आडवी आली नाही.