बुकिंगवाल्याचा हिशोब : एका प्रतिक्रियेला उत्तर

'द गॉडफादर' या १९७२ च्या हॉलिवूड सिनेमाचा खर्च आणि कमाई यावरच्या माझ्या पोस्टखाली एका वाचकाने प्रतिक्रिया दिली आहे. दोन ओळींत आभार मानून विषय संपवणार होतो. पण चार दिवस झाले, ती डोक्यातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी जशीच्या तशी देतो :

"८ कोटी १५ लाख डॉलर हा आकडा कुठून आणला? कुठेही बघा, २५ कोटींच्या वरच दिसतो. बजेटही चुकलंय. महागाई धरलेली नाही, दुसऱ्या भागाबद्दल अवाक्षर नाही. कोल्हापुरातल्या टॉकीजच्या बुकिंगवाल्याचा हिशोब हॉलिवूडला लावू नका. आधी अभ्यास करा, मग लिहा!!"

पहिल्यांदा तुमच्या बोलण्याच्या पद्धतीबद्दल. चूक दाखवायला माझी कधीच हरकत नसते. या ब्लॉगला नऊ वर्षं झाली, त्यात कितीतरी वाचकांनी माझी सालं, नावं, स्पेलिंगं दुरुस्त केली आहेत आणि प्रत्येकाचे मी आभार मानले आहेत. पण ते लोक आधी विचारतात, "हे असं आहे ना?" तुम्ही विचारलं नाही. तुम्ही थेट निकाल दिला, वर दोन उद्गारचिन्हं ठोकली आणि खाली स्वतःचं नावही टाकलं नाही. मी माझ्या नावानं लिहितो. रस्त्यात लोक ओळखतात, चहाच्या टपरीवर थांबवून चूक सांगतात. तुम्ही असं कधी उभे राहिला आहात का?

बजेटचं तुमचं म्हणणं मान्य. मी सरळ '६० लाख डॉलर' लिहिलं होतं. वेगवेगळ्या ठिकाणी हा आकडा ६० ते ७२ लाखांच्या दरम्यान दिला जातो, आणि तसंच लिहायला हवं होतं. पण माझा मुद्दा त्यामुळे तसूभरही हलत नाही. पॅरामाउंट या स्टुडिओला हा सिनेमा मुळात २५ लाखांत उरकायचा होता. कर्क डग्लसचा माफियावरचा एक सिनेमा त्यांनी १९६८ मध्ये काढला होता आणि तो आपटला होता, त्यामुळे या विषयावर पैसा लावायची कुणाची तयारी नव्हती. गोष्ट चालू काळात, कॅन्सस सिटीत घडवायची असं ठरत होतं, कारण आजचे रस्ते, आजच्या गाड्या, आजचे कपडे म्हणजे सगळं स्वस्तात. दिग्दर्शक कपोला मात्र चाळीसचं दशक, न्यूयॉर्क आणि सिसिली यावर अडून बसला. सिनेमा जिच्यावरून केला ती मारिओ पुझोची कादंबरी १९६९ मध्ये आली आणि ती तुफान खपत राहिली, म्हणून स्टुडिओला हळूहळू हात सैल सोडावा लागला. डॉनच्या थोरल्या मुलाला, सनीला, टोलनाक्यावर गोळ्या घालतात त्या एका प्रसंगावर लाखभर डॉलर गेले. गाडीला पडलेली ती भोकं आठवा, म्हणजे पैसा कुठे गेला ते दिसतं. २५ चे ६० झाले की ७२ झाले, दोन्हीकडे गोष्ट तीच राहते. हट्टापायी खर्च दुपटीपेक्षा जास्त वाढला आणि तो हट्ट बरोबर निघाला.

महागाईचा हिशोब हा स्वतंत्र पोस्टचा विषय आहे. दुसऱ्या भागावर मी लिहिलं नाही, कारण पोस्ट पहिल्या भागावर होती.

आता ते वाक्य. "कोल्हापुरातल्या टॉकीजच्या बुकिंगवाल्याचा हिशोब."

माझे वडील कोल्हापुरातल्या एका टॉकीजमध्ये बुकिंगलाच होते. टॉकीजचं नाव घेत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते कुणाला बोल लावण्यासाठी नाही. तुम्ही हे ठाऊक असून लिहिलंत की सहज लिहून गेलात, मला माहीत नाही. पण लिहिलंच आहे तर त्या बुकिंगवाल्याचा हिशोब काय होता ते ऐकून घ्या.

मी सहावीत असल्यापासून संध्याकाळचा डबा घेऊन जायचो. पहिल्या खेळाची खिडकी बंद झाली की आतल्या लाकडी टेबलावर वडील डीसीआर भरायला बसायचे. डेली कलेक्शन रिपोर्ट, पण तिथे कुणी पूर्ण नाव घेत नसे. लांबट छापील कागद, मध्ये कार्बन घालून तीन प्रती. स्टॉल, अप्पर, बाल्कनी, प्रत्येक वर्गाच्या तिकीटबुकाचा सुरुवातीचा नंबर, शेवटचा नंबर, त्यातून विकलेली तिकिटं. मी नंबर मोठ्याने वाचायचो, ते लिहायचे. नोटा मोजायला वाटीत ओला स्पंज असायचा. कार्बनमुळे त्यांच्या उजव्या करंगळीची कड कायम जांभळी असायची. जेवतानाही ती तशीच दिसायची.

त्या कागदावर रकाने होते. पहिला ग्रॉस, म्हणजे खिडकीत आलेला सगळा पैसा. त्यातून सरकारचा करमणूक कर वजा केला की नेट. नेटमधून टॉकीजचं आठवड्याचं ठरलेलं भाडं गेलं की उरला तो शेअर, आणि शेअर वितरकाचा. पडेल सिनेमा असला तर नेटमधून भाडंसुद्धा निघायचं नाही आणि वितरकाला खिशातून भरावं लागायचं. बाहेर हाऊसफुल्लचा बोर्ड बघून लोक म्हणायचे, "निर्मात्यानं एवढे लाख मिळवले." वडील हसायचे आणि मला विचारायचे, "कुठल्या रकान्यातलं रं? आधी रकाना सांग, मग आकडा सांग."

दिवाळीच्या एका आठवड्यात वितरकाच्या माणसाने बाल्कनीची चाळीस तिकिटं कमी दाखवली. हिशोब जुळत नव्हता हे खरं. वडिलांनी रात्री दोनपर्यंत फाडलेल्या तिकिटांची अर्धुकं जमिनीवर पसरून मोजली, मीही मोजली. ती रक्कम त्यांच्या पगारातून तीन महिने कापली गेली. पुढे ते बुक दुसऱ्या वर्गाच्या गठ्ठ्यात सापडलं. पैसे परत आले नाहीत, कुणी चुकलं असंही म्हणालं नाही. त्यानंतर प्रत्येक बुकाच्या पहिल्या पानावर ते स्वतःच्या अक्षरात नंबर लिहून सही करायचे, आणि रिटायर होईपर्यंत त्यांच्या कागदात एका तिकिटाचाही फरक आला नाही. तुम्ही ज्याला क्षुल्लक म्हणता आहात तो हिशोब हा आहे.

आता हाच हिशोब हॉलिवूडला लावतो, तुम्ही लावू नका म्हणालात तरी. तिकडे १९७२ मध्ये कोणता सिनेमा मोठा हे खिडकीवरच्या ग्रॉसवरून ठरत नव्हतं. सिनेधंद्याचं 'व्हरायटी' साप्ताहिक दर वर्षी जी यादी छापायचं ती रेंटलची होती. रेंटल म्हणजे थिएटरवाल्याने आपला भाग ठेवून वितरकाला दिलेली रक्कम. आमच्या कागदावरचा शेअरचा रकाना. नावं वेगळी, रकाना तोच. 'द गॉडफादर'ने पहिल्या प्रदर्शनात अमेरिका आणि कॅनडात मिळवलेलं रेंटल ८ कोटी १५ लाख डॉलर. माझ्या पोस्टमधला आकडा तोच आहे, आणि चौथ्या परिच्छेदात 'वितरकाच्या वाट्याला' असे शब्दही आहेत. शीर्षकात 'कमाई' होतं म्हणून तुम्ही चौथ्या परिच्छेदापर्यंत आला नसाल, तर त्याला मी काय करू? शीर्षकात सगळं मावत नाही.

तुमचे २५ कोटी म्हणजे जगभरातल्या तिकीटखिडक्यांवरचा एकूण पैसा, आणि त्यात पुढच्या वर्षांत सिनेमा पुन्हा पुन्हा लावला तेव्हाचा पैसाही आहे. तो आकडा खोटा आहे असं मी म्हणत नाही. तो पहिल्या रकान्यातला आहे, मी शेवटच्या रकान्यातला दिला. मोबाइलवर वरच दिसलेली रक्कम उचलून दुसऱ्याच्या तोंडावर फेकायची, याला तुम्ही अभ्यास म्हणत असाल तर तुमचा तुम्हाला लखलाभ.

आणि एवढ्यावर थांबत नाही. अमेरिकेतलं त्या सिनेमाचं तिकीटखिडकीवरचं उत्पन्न साधारण १३ कोटी ४० लाख धरलं जातं. त्यातले ८ कोटी १५ लाख वितरकाकडे, म्हणजे शंभरातले साठ. साधारणपणे खिडकीवरचा निम्म्याच्या आसपास पैसा वितरकाकडे जातो. इथे दहा जास्त का? तिकडच्या थिएटरांशी करार असा होत असे की थिएटरचा ठरलेला आठवड्याचा खर्च आधी काढायचा आणि वर उरेल त्यातले नव्वद टक्के वितरकाचे. गर्दी जेवढी जास्त तेवढं ते नव्वद टक्क्यांचं पारडं जड होत जातं. आमच्याकडे भाडं ठरलेलं असायचं आणि वरचं सगळं शेअरमध्ये जायचं, त्याच जातीची ही गोष्ट. बुकिंगच्या टेबलाशी बसलेल्याला हे एका वाक्यात समजतं. १५ मार्च १९७२ ला न्यूयॉर्कमधल्या पाच थिएटरांत हा सिनेमा लागला आणि दोन आठवड्यांत देशभर शेकडो थिएटरांत पसरला. मोठे सिनेमे तोवर एकेका शहरात महिनोन्‌महिने दाखवत पुढे नेत असत. इतक्या ठिकाणी एकदम भरलेली थिएटरं, म्हणजे त्या नव्वद टक्क्यांचा पाऊस. एकट्या ग्रॉसकडे बघणाऱ्याला यातलं काहीही दिसत नाही.

रेंटलच्याच रकान्यात 'द गॉडफादर'ने 'गॉन विथ द विंड'ला मागे टाकलं. तो १९३९ चा सिनेमा, पुन्हा पुन्हा लावून तीस वर्षांत साठत गेलेला पैसा, आणि यानं तो एका प्रदर्शनात ओलांडला. तो मान १९७५ मध्ये 'जॉज' येईपर्यंत त्याच्याकडे राहिला. जगभरातलं रेंटल धरलं तर १४ कोटी २० लाख. विक्रम ज्या रकान्यात मोडला तो रकाना सोडून दुसऱ्या रकान्याचा आकडा दिला असता, तर पोस्टमधलं विक्रमाचं वाक्यच लंगडं झालं असतं. म्हणून मी रेंटलचा आकडा दिला. विचारपूर्वक दिला.

रकाना न बघता सही केली की काय होतं त्याची गोष्ट त्याच सिनेमात आहे. डॉनचं काम करणाऱ्या मार्लन ब्रँडोला रोख मानधन कमी आणि उत्पन्नात टक्केवारी असं ठरलं होतं. पैशांची निकड आली तेव्हा ती टक्केवारी त्याने एक लाख डॉलरला स्टुडिओला परत देऊन टाकली, असं पॅरामाउंटचा तेव्हाचा निर्मितीप्रमुख रॉबर्ट एव्हान्स सांगत असे. जगातला सगळ्यात मोठा नट, आणि त्याच्याकडे कार्बन लावून बसणारा माणूस नव्हता.

कोल्हापूरचं नाव तुम्ही ज्या सुरात घेतलंत त्याबद्दल शेवटचं. बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी याच गावात काढली. प्रभात १९२९ मध्ये इथेच उभी राहिली, पुण्याला गेली ती नंतर. सिनेमाचा पैसा कसा येतो आणि कसा जातो हे या गावाने शंभर वर्षं बघितलंय. स्टुडिओत बघितलंय आणि खिडकीतही बघितलंय. तुम्ही कुठे बसून लिहिता ते मी विचारलेलं नाही.

वडील आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, डोळ्यांना कमी दिसतं. तुमची प्रतिक्रिया मी त्यांना वाचून दाखवली, ते वाक्य गाळून. आकड्यांपर्यंत आलो तेव्हा त्यांनी हात वर करून थांबवलं आणि विचारलं, "पंचवीस कोटी कशातलं म्हणतोय त्यो?" मी म्हटलं, ग्रॉस. "मग बरोबरच हाय की त्याचं," म्हणाले, "पर तुझंबी बरोबर हाय. त्याला रकाना लिहून पाठव."

तर पाठवतोय. पोस्टमध्ये खर्चाचा आकडा '६० ते ७२ लाख' असा आजच दुरुस्त केला आहे. ८ कोटी १५ लाख तसाच ठेवलाय, त्याच्यापुढे कंसात 'रेंटल' घातलं आहे.