नाही म्हणजे हो

सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात माझा पायथन भाषेतला प्रोग्राम सौद्याच्या पट्ट्या छापतो. काल मालक म्हणाले, आज नुसती नोंद कर, छापू नको. सेटिंग्जच्या फाइलीत 'छपाई = फॉल्स' केलं आणि भडंग आणायला गेलो. येऊन बघतो तर प्रिंटरनं चाळीस पट्ट्या ओकलेल्या आणि दिवाणजी त्या मोजत बसलेले.

"काय लिहिलंय फाइलीत?"

"फॉल्स. म्हणजे नाही."

"आणि यंत्रानं काय वाचलं?"

"हो."

दिवाणजींनी चष्मा कपाळावर चढवला. हमालही पोती टेकवून ऐकायला थांबले.

सेटिंग्जच्या फाइली वाचणारा पायथनचा कॉन्फिगपार्सर त्यातलं सगळं निव्वळ मजकूर म्हणून हातात देतो, आकडासुद्धा. त्याचं हो-नाही करायला मी 'बूल' लावलेलं. बूल अर्थ बघत नाही, मजकूर रिकामा आहे का एवढंच बघतं. फॉल्स रिकामं नाही, म्हणून ट्रू.

"म्हणजे काहीही लिहिलं तरी हो?"

"हो."

"शिवी लिहिली तर?"

"हो."

"आणि काहीच नाही लिहिलं तर?"

"मग नाही."

"आमचे मालक! पगारवाढ मागितली की असेच. गप्प बसले की नाही समजायचं."

हमाल हसले. मी मुकाट्यानं बूल काढून कॉन्फिगपार्सरचंच गेटबूलियन घातलं. त्याला येस-नो, ऑन-ऑफ, ट्रू-फॉल्स आणि १-० एवढंच कळतं. दिवाणजींनी हौसेनं तिथं 'नाही' टाइप केलं. प्रोग्राम व्हॅल्यूएरर, म्हणजे चुकीच्या मूल्याची तक्रार, देऊन आडवा. "सांगलीत राहून मराठी येईना होय याला?"

खरं तर याहून वाईट खोडी आहेत. फाइल सापडली नाही तरी ती वाचणारं 'रीड' चकार शब्द काढत नाही, वाचलेल्या फाइलींची रिकामी यादी तेवढी परत देतं. नोटपॅडनं नावामागं गुपचूप '.टीएक्सटी' चिकटवलं, की माझ्या फॉलबॅकमुळे, म्हणजे नोंद मिळाली नाही तर वापरायच्या राखीव आकड्यामुळे, दिवसभर जुनाच दर. याला सभ्यपणा म्हणत नाहीत, कामचुकारपणा म्हणतात. आणि पट्टीखाली छापायला फाइलीत '२% सूट' लिहिलं की इंटरपोलेशनची, म्हणजे % दिसला की तिथं दुसरी नोंद भरू पाहणाऱ्या सोयीची, बोंब! खूण दोनदा लिहा, '%%', नाहीतर इंटरपोलेशन=नन करा. यार्डात टक्क्यावाचून वाक्य तरी पुरं होतं का?

२०२२ साली आलेल्या पायथन ३.११ मध्ये टॉमल पद्धतीच्या सेटिंग्जच्या फाइली वाचणारं टॉमलिब आहे. त्यात अवतरणाशिवाय लिहिलेलं फॉल्स खरोखर नाहीच असतं. पण दुकानातल्या संगणकावर ३.८ आहे, आणि नवा घ्यायचा विषय काढला की मालक गप्प बसतात.

चाळीस कागदांचे पैसे माझ्या बिलातून कापले. पाठकोरे म्हणून कागद मात्र दिवाणजींनीच ठेवून घेतले.