'आलोच' ते नॅनोसेकंद

साताऱ्यात काळाची दोन मापं सर्रास चालतात. 'आलोच' म्हणणाऱ्याची आंघोळ बाकी असते आणि 'पोवई नाक्यावर पोचलोय' म्हणणारा अजून चप्पल शोधत असतो. यांचे सेकंद करायच्या भानगडीत मी पडत नाही. पण घरातलं पोरगं कधीतरी वही पुढे करतंच, की अजिंक्यताऱ्याच्या खडकाचं वय नॅनोसेकंदांत सांगा.

खडक काळा बेसॉल्ट, वय सुमारे 6.6 कोटी वर्षं. पहिला पाय इथेच घसरतो. पुस्तकात '66 मिलियन' असतं, मिलियन म्हणजे दहा लाख, हे घाईत विसरतं आणि वहीत 66 लाख उतरतात. डोंगर एका फटक्यात दहापट तरुण!

मग दुकानातला 12 अंकी कॅल्क्युलेटर येतो. 365.25 दिवसांच्या वर्षाचे तास 8,766. गुणाकार केला की 5,78,55,60,00,000 तास, बरोब्बर बारा अंक. पडदा काठोकाठ भरला. आता मिनिटांसाठी 60 ने गुणलं, की कोपऱ्यात 'ई' उगवतो आणि यंत्र हात वर करतं. म्हणून अशा ठिकाणी शून्यं मोजत बसू नये, दहाचे घात धरावेत. वर्षाचे सेकंद 3,15,57,600, म्हणजे 3.16 गुणिले दहाचा सातवा घात. खडकाची वर्षं 6.6 गुणिले दहाचा सातवा घात. पुढचे आकडे गुणायचे, घात मिळवायचे. 20.9 आणि चौदावा घात, म्हणजेच 2.1 आणि पंधरावा. हे झाले सेकंद. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग, म्हणून घातात आणखी 9 मिळवा, चोविसावा. उत्तर 2.1 वरच थांबवा. मूळ 6.6 मध्ये भरवशाचे अंक दोनच, तेव्हा पुढे आठ दशांश लिहिणं म्हणजे चहाची उधारी पैशापर्यंत मोजणं.

गुणायचं की भागायचं, हा गोंधळ मात्र मोठ्यांचाही होतो. नोट मोडली की नाणी वाढतात, तसं एकक लहान झालं की आकडा वाढतो. नॅनोसेकंद किती लहान, तर तेवढ्यात प्रकाश जेमतेम फूटभर जातो. कंपासपेटीतल्या दोन पट्ट्या टोकाला टोक लावा, एवढाच त्याचा प्रवास.

खरा खोडा वेगळाच आहे. सेकंदाच्या खाली मिली, मायक्रो, नॅनो अशा हजार-हजारच्या सरळ पायऱ्या. वर चढायला लागलं, की 60, पुन्हा 60, मग 24, मग 365 आणि वर पाव! असला जिना गवंड्यानं बांधला असता तर मजुरी दिली नसती. महिन्याचं तर नावच काढू नका, तो 28 पासून 31 पर्यंत मर्जीनं वागतो.

पंचांगाचा हिशेब त्या मानानं गुळगुळीत. 60 विपळांचं पळ, 60 पळांची घटका, 60 घटकांचा दिवस. घटका 24 मिनिटांची, म्हणून तासाच्या घटका अडीच, मिनिटाची पळं अडीच, सेकंदाची विपळंही अडीच. एकटं अडीचकं पाठ असलं की भागलं. मुहूर्त म्हणजे दोन घटका, 48 मिनिटं. त्यातली चाळीस नवरदेव बेंजोपुढे अडकलेला असतो, ते सोडा.

शेवटी उत्तर उलटं भागून बघावं. 6.6 कोटीऐवजी 16.5 कोटी आले, तर कुठेतरी 24 च्या जागी 60 पडलेत. दोन्हींत अडीचपटीचाच फरक.