पत्र्याची बॉडी की फायबरची? जुन्या धाटणीच्या स्कूटरांवरील एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

जुन्या धाटणीच्या पेट्रोल स्कूटरांची मी केलेली तुलना आपल्याला पटली नाही आणि ती का पटली नाही हे आपण सविस्तर लिहिले, याबद्दल आभार. आपला मुख्य आक्षेप असा की, व्हेस्पा प्रायमाव्हेरा 150 सारख्या अस्सल पत्र्याच्या स्कूटरला मी होंडा मेट्रोपॉलिटन आणि जेन्युइन बडी या फायबर बॉडीच्या स्कूटरांच्या पंक्तीला बसवले आणि वजन, चाके, दुरुस्ती अशा रूक्ष निकषांवर मोजले. हवेने थंड होणारे इंजिन गर्दीत तापते, ही बाब मी झाकून ठेवली, असाही आपला आरोप आहे. आणि शेवटी या साऱ्यावर व्हेस्पाचीच मोठी स्कूटर, जीटीएस 300, हाच उपाय असल्याचे आपण सुचवले आहे.

ज्या घडणीचा आपण अभिमान बाळगता, ती मुळात शोभेसाठी जन्मली नव्हती. 1946 साली पियाज्यो या इटालियन कंपनीसाठी पहिली व्हेस्पा आखणारे कोरादिनो दास्कानियो हे विमाने आणि हेलिकॉप्टरे यांच्या क्षेत्रातले अभियंते होते. त्यांनी पत्र्याच्या कवचालाच सांगाडा केला, कपड्यांना तेल लागू नये म्हणून इंजिन झाकले, पाय न उचलता बसता यावे म्हणून मधली जागा मोकळी ठेवली आणि गिअर हँडलवर आणले. हे सगळे निर्णय रोज कामावर जाणाऱ्या माणसाच्या सोयीचे होते. त्यामुळे आजच्या प्रायमाव्हेरालाही रोजच्या प्रवासाच्या कसोटीवर घासून पाहण्यात तिचा अपमान होतो, असे मला वाटत नाही. उलट केवळ देखणेपणासाठी तिला गुण देणे हाच तिच्या वंशावर अन्याय ठरेल.

आता पत्र्याविषयी. पत्र्याची बॉडी वर्षानुवर्षे खडखडत नाही हे आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. फायबरचे भाग सर्व्हिसिंगसाठी वारंवार उघडले की त्यांच्या खाचा तुटतात आणि मग प्रत्येक खड्ड्यावर स्कूटर वाजू लागते. परंतु शहरात किरकोळ ठोकर चुकत नाही, आणि तिथे हिशेब उलटतो. फायबरच्या स्कूटरमध्ये भार आतल्या नळ्यांच्या सांगाड्यावर असल्याने फुटलेला भाग काढून नवा बसवला की काम संपते. व्हेस्पात मात्र पायांपुढची ढाल आणि पायदान हे सांगाड्याचेच अंग आहे. ते वाकले तर ठोकठाक, रंगकाम आणि सांगाडा सरळ आहे की नाही याची तपासणी, इतके सारे मागे लागते. रंग उडालेल्या जागी पाणी साचून गंज चढतो, तो वेगळाच.

वजनाच्या बाबतीत मेट्रोपॉलिटन सुमारे 80 किलोची, तर प्रायमाव्हेरा 150 सुमारे 130 किलोची आहे. एक इंजिन 49 सीसीचे, दुसरे 155 सीसीचे, त्यामुळे ही बरोबरीची झुंज नव्हे, हे खरे. तरीही अडचणीच्या पार्किंगमधून स्कूटर मागे ओढताना हाताला सीसी जाणवत नाहीत, किलो जाणवतात. चाकांच्या मुद्द्यावर मात्र प्रायमाव्हेराच वरचढ आहे: तिची चाके 12 इंची, बाकी दोघींची 10 इंची. लहान चाक खड्ड्यात अधिक खोल उतरते आणि त्याचा दणका थेट मनगटापर्यंत येतो.

इंजिन तापण्याबद्दलचा आरोप मला स्वीकारता येत नाही. मोटारसायकलचे उघडे इंजिन वाऱ्यावर अवलंबून असते; हवेने थंड होणाऱ्या स्कूटरच्या इंजिनावर क्रँकशाफ्टने, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याने, फिरणारा पंखा असतो आणि त्याची हवा आवरणातून सिलिंडरवर वळवलेली असते. इंजिन चालू असेतोवर, गाडी सिग्नलला उभी असली तरी, पंखा फिरतच राहतो. गर्दीत खरा त्रास होतो तो क्लच आणि बेल्ट यांना. चढावर ब्रेक दाबण्याऐवजी ॲक्सिलरेटर धरून गाडी तोलत राहण्याची अनेकांना सवय असते. त्यात क्लच घसरतो, तापतो आणि लवकर झिजतो. याउलट मेट्रोपॉलिटनमधले द्रवाने थंड होणारे इंजिन म्हणजे रेडिएटर, नळ्या आणि वेळोवेळी बदलायचे कूलंट. त्याचा फायदा आहे, पण देखभालही आहे.

राहता राहिली जीटीएस 300. तिचे 278 सीसी इंजिन दमदार आहे, यात वाद नाही. मात्र स्कूटरमध्ये इंजिन, बेल्ट आणि मागचे चाक हा एकच संच असतो आणि तो सगळा खड्ड्याबरोबर वरखाली होतो. संच जितका जड, तितके मागच्या शॉकॲब्सॉर्बरचे काम कठीण. ज्यांच्या वाटेत वेगवान महामार्गाचा तुकडा येतो, त्यांनी ती जरूर घ्यावी, आणि त्यांनी 49 सीसीच्या वाटेला मुळीच जाऊ नये. ज्यांचा सारा प्रवास सिग्नल ते सिग्नल होतो, त्यांच्यासाठी वजन, चाके आणि दुरुस्ती हे माझे निकष मी कायम ठेवतो.