पी५३, केआय-६७ आणि वडिलांचा रिपोर्ट: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. वडिलांच्या गालाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालंय, लॅबने पी५३ आणि केआय-६७ या प्रथिनांच्या तपासण्या सुचवल्यात, आणि माझ्या लेखात त्यावरचे पैसे वाया जातात असं वाचून तुम्ही संतापलात. ‘शेकडो शोधनिबंध खोटे का? पुढे काय होणार हे कळायचा पेशंटला हक्क नाही का?’

हक्क आहेच. ‘वाया’ हा शब्दही मी वापरायला नको होता. ज्याच्या घरी आजार आहे त्याला तो टोचणारच. लेखातून काढलाय.

पण मत तेच आहे. निबंध खोटे नाहीत, ते रुग्णांच्या गटाबद्दल बोलतात. तुमच्या वडिलांबद्दल बोलायला तेवढं पुरत नाही. मी पॅथॉलॉजिस्ट, ट्यूमरच्या पातळ कापाच्या या काचेच्या स्लाइड रोज बघते. प्रथिन जिथे असतं तिथे रंग तपकिरी चढतो. केआय-६७ विभागणाऱ्या पेशींत दिसतं. गालाच्या ट्यूमरमध्ये पेशींच्या बेटांच्या कडेला तपकिरी केंद्रकांची दाटी असते आणि मधला केराटिनचा (कातडीतल्या कठीण प्रथिनाचा) गोळा, ज्याला आम्ही मोती म्हणतो, तो अगदी कोरा. कडेला मोजलं की टक्केवारी चढते, आत सरकलं की उतरते. पी५३ तर त्याहून फसवं. जनुकात एका प्रकारचा बिघाड झाला की प्रथिन साचतं आणि स्लाइड गडद होते. दुसऱ्या प्रकारात प्रथिन बनतच नाही, स्लाइड कोरी राहते. ‘निगेटिव्ह’ वाचून घरच्यांचा जीव भांड्यात पडावा, आणि जनुक मात्र पुरतं मोडलेलं असावं, असं होऊ शकतं.

तुम्ही पी१६ या आणखी एका प्रथिनाच्या तपासणीचा दाखला दिलात. टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाच्या कर्करोगात तो खरोखर उपयोगी आहे, कारण एचपीव्ही विषाणूमुळे होणारा तिथला आजार वेगळा वागतो. आपल्याकडच्या तंबाखू-सुपारीच्या गालाच्या कर्करोगाला तो हिशेब लागू होत नाही. आजार परतला किंवा पसरला आणि इम्युनोथेरपीचा (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणाऱ्या औषधांचा) विचार असला, तर पीडी-एल१ हे प्रथिन जरूर तपासा. त्या उत्तरावर औषध ठरतं. पी५३ किंवा केआय-६७ काहीही आलं, तरी ऑपरेशननंतरचे उपचार आज त्यावरून ठरत नाहीत.

ते ज्यावरून ठरतात ते बहुधा तुमच्या हातातल्या हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्टात, म्हणजे काढलेल्या भागाच्या सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीच्या रिपोर्टात आहे. ट्यूमर किती मिलिमीटर खोल गेलाय ते आधी बघा. सध्याच्या स्टेजिंगमध्ये खोली ५ मिलिमीटरच्या वर असेल, तर २ सेंटिमीटरहून लहान ट्यूमरही पहिल्या स्टेजचा राहत नाही. मग काढलेल्या तुकड्याच्या कडा आजारापासून मोकळ्या आहेत का, मानेतल्या किती लसिका गाठींत आजार आहे, आणि तो गाठीचं आवरण फोडून बाहेर आलाय का. तसं असेल किंवा कडेलाच आजार सापडला असेल, तर रेडिएशनसोबत केमोचा विचार होतो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांपासून ही पद्धत रुळली.

खोलीचा आकडा दिलेला नसेल तर लॅबला फोन करा. स्लाइड त्यांच्याकडेच असतात, त्यांवरून मोजून देता येतं. रेडिएशनच्या डॉक्टरांना भेटायच्या आधी हे करून घ्या.