कॅटफिश भुकेने बाहेर येत नाही, अंधाराने येतो

घरातल्या माशांच्या टँकमध्ये पाळलेल्या कॅटफिशबद्दल, म्हणजे मिशा असलेल्या तळाच्या माशाबद्दल, एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे : "हा तळाचा सफाईवाला. बाकीच्यांचं उरलंसुरलं आणि शेवाळ खाऊन राहतो, वेगळं काही घालू नका. दिसत नसेल तर चार दिवस उपाशी ठेवा, भूक लागली की येईल बाहेर." यातलं एकही वाक्य धड नाही, आणि शेवटच्या वाक्यापायी मासे मरतात.

"उरलंसुरलं खातो." वरच्या थरातले टेट्रा, बार्ब, सिक्लिड दोन-तीन मिनिटांत खाणं फस्त करतात. तळाशी पोचतो तो फ्लेक्सचा (माशांच्या पातळ पापुद्र्यांसारख्या खाण्याचा) भिजून फुटलेला चुरा, आणि तोही खडीच्या फटीत जाऊन कुजतो. पंधरा सेंटीमीटरच्या सिनोडोंटिसचं (ही कॅटफिशचीच एक जात) पोट भरेल एवढं खाणं रोज उरत असेल, तर त्या पाण्यात कुजण्यातून तयार होणारा विषारी अमोनिया वाढलेलाच असणार. म्हणजे टँक नीट ठेवला तर हा मासा उपाशी राहतो, आणि त्याचं पोट भरेल एवढं उरू दिलं तर पाणी बिघडतं. बाकीच्या माशांच्या विष्ठेवर तर तो जगूच शकत नाही.

"शेवाळ खातो." कोणता? कॅटफिशच्या तीन हजारांहून जास्त जाती आहेत. अँसिस्ट्रस शेवाळ खरवडतो हे खरं, पण एका टँकच्या काचा तो बघता बघता साफ करतो आणि मग त्याला खायला काही उरत नाही. झेब्रा प्लेको मुख्यतः मांसाहारी आहे. पिक्टस रात्री लहान टेट्रा गिळतो. कोरीडोरस वाळूत तोंड खुपसून किडे शोधतो, शेवाळाकडे फारसं बघतही नाही. ओटोसिंक्लस खरोखर शेवाळावर जगतो, आणि म्हणूनच नव्या, चकचकीत टँकमध्ये तो सर्वांत आधी खंगतो. जात ठाऊक नसेल तर तोंड बघावं. खाली वळलेलं, काचेला चिकटणारं तोंड असेल तर मासा खरवडून खाणारा, पण असं तोंड असलेले सगळे शाकाहारी नसतात. तोंड रुंद, पुढच्या बाजूला आणि मिशा लांब असतील तर मांसाहारी धरून चालावं.

"भूक लागली की येईल." मूळ घोळ इथे आहे. हा मासा बहुतांशी निशाचर. उजेडात बाहेर पडणं म्हणजे त्याच्या लेखी कुणाच्या तरी तोंडी पडणं, आणि ही भीती भुकेपेक्षा मोठी असते. अन्न तो डोळ्यांनी शोधत नाही. मिशांवर आणि अंगावरच्या कातडीवरसुद्धा त्याला चव कळते, पाण्यातला वास तो हुंगतो. त्यामुळे भरदिवसा टाकलेलं वेफर (तळाशी बुडणारी खाण्याची चकती) त्याच्या लपायच्या गुहेसमोर पडलं तरी तो हलत नाही आणि बाकीचे ते पळवतात. उपाशी ठेवल्यावर तो धीट होत नाही, अशक्त होतो आणि अशक्त मासा आणखी आत दडतो. "गुहा काढून टाका म्हणजे दिसेल" हाही त्याच सल्ल्याचा भाऊ. लपायला हक्काची जागा असलेला मासाच लवकर बाहेर डोकावतो. गुहा एका बाजूने बंद आणि पंख पसरलेला मासा जेमतेम मावेल एवढीच रुंद असावी.

खाऊ घालण्याची रीत अशी. दिवे बंद करण्याआधी बाकीच्या माशांना टँकच्या दुसऱ्या टोकाला पोटभर घाला. दिवे बंद केल्यावर अर्धा ते एक तास थांबा. खोलीतला दिवाही मंद हवा, हे बरेच जण विसरतात. मग गुहेच्या तोंडापासून दहा-पंधरा सेंटीमीटरवर, रोज त्याच जागी, बुडणारं खाणं सोडा. वरून टाकलेलं वाटेतच लुटलं जात असेल तर साधारण वीस मिलिमीटर व्यासाची पारदर्शक नळी पाण्याच्या वरून थेट गुहेजवळ टेकवा आणि खाणं तिच्यातून घरंगळू द्या. फिल्टरचा झोत त्या जागेवर येत असेल तर तो वळवा, नाहीतर खाणं वाहून फिल्टरच्या तोंडाशी जमतं. खातो की नाही हे बघायचं तर मंद लाल उजेडात, लांबून.

अडून बसलेल्या माशाला सुरुवातीला उग्र वासाचं द्यावं. फ्रोझन ब्लडवर्मची (गोठवलेल्या लाल अळ्यांची) वडी वाटीभर टँकच्या पाण्यात दहा मिनिटं वितळवून, गाळून, पिपेटने गुहेच्या तोंडाशी सोडावी. कोळंबीचा बारीक तुकडाही चालतो. चार-पाच रात्री तो खाऊ लागला की त्यात पेलेट, म्हणजे कोरड्या खाण्याच्या गोळ्या, मिसळावेत, मग हळूहळू फक्त पेलेटवर आणावं. अँसिस्ट्रससाठी काकडीची सेंटीमीटरभर जाड चकती मिनिटभर उकळून, स्टीलचा काटा टोचून तळाशी बुडवावी. दहा-बारा सेंटीमीटरच्या एका माशाला अर्ध्या वेफरपासून सुरुवात पुरे. सकाळी उरलेलं दिसलं की सायफनने काढून टाका आणि पुढच्या रात्री कमी घाला. काकडीसुद्धा दिवसभर ठेवू नका.

नवा आणलेला मासा आठवडाभर खाल्ल्याशिवाय राहिला तरी लगेच घाबरू नये. पण आधी पाणी तपासावं. अमोनिया आणि त्यापासून बनणारं, तितकंच घातक नायट्राइट शून्यच हवेत. बहुतेक उष्ण कटिबंधातल्या जातींना २४ ते २८ अंश मानवतं, त्याखाली भूक मंदावते. वाढवलेल्या तापमानात पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, म्हणून हवेचा पंप चालू असावा. कोरीडोरसच्या मिशा झिजल्या असतील तर खडीची धार आणि तिच्यात साठलेली घाण बघा. त्याला बारीक वाळूच हवी.

"उपाशी असेल तर कळेलच" हेही खरं नाही, कारण वरून बघितलं तर कॅटफिश शेवटपर्यंत जाड डोक्याचा, धडधाकटच दिसतो. तो काचेला चिकटलेला असताना पोट बघावं. सपाट किंवा किंचित फुगीर असेल तर ठीक. छातीच्या आणि पोटाच्या पंखांमधला भाग आत ओढला गेला असेल, डोळे खोल गेले असतील, तर मासा बरेच दिवस उपाशी आहे. अशा माशाला वेगळ्या, अंधाऱ्या टँकमध्ये हलवून रात्रीतून दोनदा थोडं थोडं द्यावं, एकदम भरपूर नाही. रोज खाऊनही पोट खोलच राहिलं तर आतड्यातल्या जंतांची शंका घ्यावी. औषध घालण्याआधी त्यात तांबं आहे का ते वाचावं, कारण कॅटफिशसारख्या खवले नसलेल्या माशांना ते लवकर बाधतं.