एकूण ६९ म्हणजे नेमके काय? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमचे म्हणणे थोडक्यात असे: एमडीएस-यूपीडीआरएस या पार्किन्सन्स मोजण्याच्या पट्टीच्या चार भागांची बेरीज करू नये हा माझा आग्रह पुस्तकी आहे. सगळ्या प्रश्नांना ० (ठीक) ते ४ (गंभीर) असेच गुण आहेत, मोठ्या औषधचाचण्यांनी एकूण गुणच वापरले आहेत, आणि पार्किन्सन्सच्या रुग्णाच्या घरच्यांना चार नव्हे, एकच आकडा समजतो. तिसऱ्या मुद्द्यातली अडचण मला मान्य आहे. पहिले दोन मात्र पटत नाहीत.

० ते ४ ही पट्टी सगळीकडे दिसायला सारखी असली तरी तिच्या खुणा समान अंतरावर नाहीत. हाताचा स्वस्थ बसल्यावरचा कंप घ्या. थरथर १ सेंमीच्या आत असेल तर १ गुण, १ ते ३ च्या दरम्यान २, ३ ते १० ला ३ आणि १० च्या वर ४. म्हणजे अडीच सेंमीचा कंप साडेतीनवर गेला की एक गुण वाढतो, पण साडेतीनचा साडेनऊवर गेला तरी आकडा जागचा हलत नाही. ओठ-जबड्याच्या कंपाला तर ३ सेंमीच्या पुढे थेट ४. बोटे आपटण्याच्या चाचणीत सेंमी नाहीतच. तिथे दहा वेळा आपटताना किती वेळा अडखळले आणि हालचाल कुठून लहान होत गेली हे पाहतात: शेवटी शेवटी लहान झाली तर १, मध्यावर २, पहिल्या आपटण्यानंतर लगेच ३. हे गुण चढता क्रम सांगतात, लांबी नाही.

मग भाग ३ ची, म्हणजे तपासलेल्या हालचालींची, बेरीज तरी का चालवून घ्यायची, असे तुम्ही विचाराल, आणि ते रास्तच आहे. त्या ३३ नोंदी निदान एकाच बैठकीत, एकाच तपासनिसाने, त्या क्षणी जे दिसले त्याला दिलेल्या असतात. तरीही १३२ पैकी ४० गुण एकट्या कंपाचे असतात, ताठरपणाचे २०, हालचालींच्या मंदपणाचे ४४, बोलणे आणि चेहरा मिळून ८, आणि खुर्चीतून उठणे, चालणे, पाय जमिनीला खिळणे, तोल आणि पोक यांचे मिळून फक्त २०. त्यामुळे भाग ३ मध्ये ३० गुण असलेला एक रुग्ण हात थरथरत बाजारहाट करून येतो, तर ३० गुणांचाच दुसरा तोल जाऊन पडतो. या बेरजेलाही मी डोळे झाकून मान देत नाही.

चार भाग एकत्र केले की घोळ खऱ्या अर्थाने वाढतो. भाग १ (झोप, मनःस्थिती, बद्धकोष्ठ, भास वगैरे) आणि भाग २ (कपडे घालणे, जेवणे, लिहिणे) यांत गेल्या आठवड्याचा अंदाज विचारतात, आणि त्यातले बरेच प्रश्न रुग्ण किंवा घरचे स्वतः भरतात. भाग ३ तपासणीच्या खोलीतल्या त्या काही मिनिटांचा. भाग ४ मध्ये औषधामुळे होणाऱ्या अनैच्छिक हालचाली आणि 'ऑफ'चे, म्हणजे औषधाचा असर ओसरलेले, तास. लेव्होडोपा (पार्किन्सन्सचे मुख्य औषध) वाढवला की भाग ३ उतरतो आणि भाग ४ चढू शकतो. एक काल्पनिक हिशोब पाहा. आधी भाग १ ते ४ चे गुण १२, १४, ४२, २, म्हणजे एकूण ७०. डोस वाढवल्यावर १५, १३, ३३, ८, म्हणजे एकूण ६९. बेरीज म्हणते काही घडले नाही. प्रत्यक्षात हालचाल ९ गुणांनी सुधारली, अनैच्छिक हालचाली सुरू झाल्या आणि भाग १ मध्येही भर पडली, ती कदाचित भासांची. पुढचा डोस ठरवताना नेमके हेच तर लागते!

२००८ मध्ये ही मोजपट्टी प्रसिद्ध झाली तेव्हाच हे तपासले होते. इंग्रजी बोलणाऱ्या ८७७ रुग्णांच्या नोंदींत प्रत्येक भागाची स्वतःची रचना नीट जुळली, पण भागाभागांतला परस्परसंबंध (१ म्हणजे पूर्ण जुळणी) ०.२२ ते ०.६६ एवढाच निघाला. म्हणून पट्टी तयार करणाऱ्यांनीच सगळ्यांच्या एकूण गुणांपेक्षा प्रत्येक भागाची वेगळी बेरीज वापरा असे सुचवले.

आता चाचण्या. एलडोपा (२००४) आणि अडाजिओ (२००९) या औषधचाचण्यांनी एकूण गुण वापरले हे खरे, पण ते १९८७ च्या जुन्या यूपीडीआरएसचे आणि लक्षणांवर औषध सुरू न झालेल्या, आजाराच्या सुरुवातीच्या रुग्णांचे. त्यांच्यात भाग ४ मोजण्यासारखा नसतोच. पहिल्या तीन भागांच्या १७६ गुणांत भाग १ चे १६, भाग २ चे ५२ आणि भाग ३ चे १०८. नाव एकूण, वजन मुख्यतः हालचालीचे. नव्या पट्टीच्या भाग १, २, ३ ची बेरीज पासाडेना या चाचणीने मुख्य निकष म्हणून घेतली आणि त्या निकषावर औषध व प्लासिबो (खोटे औषध) यांत फरक दिसला नाही. त्याच औषधाच्या पुढच्या चाचणीत, पाडोव्हामध्ये, मुख्य निकष बदलून भाग ३ मध्ये किमान ५ गुणांची वाढ व्हायला किती काळ लागतो, हा ठेवला. म्हणजे चाचण्या घेणारेही एका बेरजेवर अडून राहिलेले नाहीत.

घरच्यांना एकच आकडा द्यायचा असेल तर भाग २ चा द्या. बटण लागते का, घास तोंडापर्यंत जातो का, हे त्यांना रोज दिसते. फाइलमध्ये मात्र चारही भाग वेगळे लिहा, आणि भाग ३ पुढे तपासणी 'ऑन'मध्ये (औषधाचा असर असताना) झाली की 'ऑफ'मध्ये, आणि शेवटची लेव्होडोपा गोळी घेऊन किती मिनिटे झाली, हे लिहा. ते नसेल तर दोन भेटींतला १० गुणांचा फरक आजाराचा की गोळीच्या वेळेचा, हे कुणालाच सांगता येणार नाही. जुन्या कागदावर नुसते 'यूपीडीआरएस ३८' असेल तर आधी आवृत्ती पाहा. जुन्या भाग ३ मध्ये २७ नोंदी होत्या. नव्यात पायाची बोटे आपटणे, पाय खिळणे आणि कंप किती वेळ टिकतो हे आले, हात पुढे धरल्यावरचा आणि हात हलवतानाचा कंप वेगळे झाले, आणि नोंदी ३३ झाल्या. त्यामुळे जुने ३८ आणि नवे ४४ शेजारी ठेवून 'बिघडले' म्हणू नका.

राहून गेलेल्या नोंदींबद्दलही तुम्ही विचारले होते. रिकाम्या जागी शून्य भरू नका, कारण शून्य म्हणजे 'तपासले, ठीक आहे'. भाग १ मध्ये एक, भाग २ मध्ये दोन आणि भाग ३ मध्ये सातपर्यंत नोंदी राहिल्या तर उरलेल्यांच्या सरासरीवरून त्या भागाची बेरीज काढता येते. भाग ४ च्या सहापैकी एकही राहिली तर त्या भेटीचा भाग ४ सोडून द्या.